ग्लुटामेट, स्मरणशक्ती आणि नवी औषधे

प्रश्न : माझ्या वडिलांचा विसराळूपणा वाढत चालला आहे. मेंदूतील ग्लुटामेटच्या ग्राहींचे कार्य वाढवणाऱ्या औषधांवर संशोधन चालू असल्याचे वाचले. मग ग्लुटामेटच का देत नाहीत? अशी औषधे आज मिळतात का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : ग्लुटामेट हा मेंदूतील प्रमुख उत्तेजक संदेशवाहक आहे; चेतापेशींवरील ग्राही नावाच्या प्रथिनांवर बसून तो संदेश पोचवतो. आहारातील ग्लुटामेट, मग ते अजिनोमोटोमधले का असेना, रक्तातून मेंदूत फारसे शिरत नाही, आणि त्याच्या ग्राहींना सरसकट चेतवणे किती घातक ठरते याचा अनुभव १९८७ साली कॅनडात आला. तेथील प्रिन्स एडवर्ड बेटावरचे, गोव्यात आपण ज्यांना शिणाणे म्हणतो त्या प्रकारचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले, तर काहींची नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता कायमची गेली. शिंपल्यांतील डोमोइक आम्ल ग्लुटामेटच्याच काही ग्राहींना चेतवते, आणि त्या अतिउत्तेजनाने स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशी मेल्या होत्या.

म्हणूनच संशोधक ग्राहीवर ग्लुटामेट बसण्याची जागा मोकळी ठेवून ग्राहीवरील दुसऱ्या जागी बसणारे रेणू घडवतात. उदाहरणार्थ, ॲम्पा या ग्लुटामेट ग्राहींच्या एका प्रकारात दोन घटकांमधील सांध्यात बसणारा रेणू ग्राही मिटण्याचा वेग कमी करतो, त्यामुळे ग्लुटामेटने दिलेला संदेश किंचित अधिक काळ टिकतो. मात्र संदेश कधी आणि कोठे द्यायचा हे मेंदूच ठरवतो. मला या विचारातील हा संयम फार मोलाचा वाटतो. शिवाय ग्लुटामेटची स्वतःची जागा सगळ्या ग्राहींत बरीचशी सारखी असते, तर अशा दूरच्या जागा उपप्रकारागणिक बदलतात. नेमक्या एकाच उपप्रकारावर काम करणारे औषध त्यामुळे शक्य होते. अडचण मात्रेची आहे, कारण ती जरा वाढली की झटके येण्याचा धोका संभवतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना चालू औषधांच्या जोडीने दिलेल्या सीएक्स-५१६ या अशाच एका रेणूचा अपेक्षित लाभ दिसला नाही.

वडिलांसाठी अशा गोळ्या ऑनलाइन मागवू नयेत, ही कळकळीची विनंती. अल्झायमरमध्ये आज दिले जाणारे मेमँटिन तर ग्लुटामेटच्या एनएमडीए या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींना अंशतः रोखते, म्हणजे त्याची दिशाच उलटी आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो व त्यांवर उपचार आहेत. तेव्हा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे आधी त्यांची तपासणी करून घ्यावी.