संशोधन संस्थांच्या रँकिंगला कायद्याचा आधार आहे का? चुकीच्या आकड्यांवर क्रमांक ठरला तर दाद कुठे मागायची?

तुमचे दोन प्रश्न आहेत. नवी मुंबईतल्या तुमच्या संशोधन केंद्राचा एनआयआरएफमधला, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षण संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतला, क्रमांक घसरला आणि त्यामागचे पीएचडीचे आकडे चुकीचे आहेत, तर न्यायालयात जाता येईल का? आणि पाम बीच रस्त्यावर ‘संशोधनात देशात अव्वल’ असे होर्डिंग लावणाऱ्या दुसऱ्या संस्थेला जाब विचारणारे कोणी आहे का? पहिल्यात न्यायालय हा शेवटचा आणि सर्वांत कमकुवत मार्ग आहे. दुसऱ्यात कायदा तुमच्या बाजूने बराच भक्कम आहे, पण त्याचा वापर फारसा कोणी करत नाही.

आधी पाया. भारतात रँकिंगचा असा कायदा नाही. एनआयआरएफ २९ सप्टेंबर २०१५ रोजी तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने सुरू केले आणि पहिली यादी एप्रिल २०१६ मध्ये आली. संसदेचा अधिनियम नाही, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, विनियमही नाहीत. मंत्रालयाच्या कार्यकारी अधिकारातून ही चौकट उभी राहिली आणि काम राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एनबीए, पाहते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीत ६६ वी नोंद आहे: उच्च शिक्षणाच्या किंवा संशोधनाच्या संस्था आणि शास्त्रीय व तांत्रिक संस्था यांचा समन्वय व दर्जानिश्चिती. म्हणजे संसदेने ठरवले तर रँकिंगवर कायदा करता येतो. अजून केलेला नाही, इतकेच.

संस्थांचे मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या नॅकची गोष्ट वेगळी. यूजीसी कायद्याच्या कलम १२-सीसीसीखाली १९९४ मध्ये नॅक स्थापन झाली आणि २०१२ च्या यूजीसी विनियमांनी मूल्यांकन सक्तीचे केले. त्यामुळे ‘नॅकची श्रेणी’ आणि ‘एनआयआरएफचा क्रमांक’ एकाच तक्रारीत घालू नका. त्यांचे कायदेशीर वजन वेगळे आहे आणि तक्रारीचे कार्यालयही वेगळे आहे.

मग नुसत्या यादीला एवढे महत्त्व कशाने आले? दुसऱ्या नियमांनी तो क्रमांक उसना घेतला म्हणून. उत्कृष्ट संस्थांना विशेष दर्जा देणाऱ्या २०१७ च्या ‘इन्स्टिट्यूशन्स ऑफ एमिनन्स’ विनियमांत पात्रतेसाठी एनआयआरएफच्या पहिल्या ५० मध्ये किंवा टाइम्स हायर एज्युकेशन, क्यूएस, शांघाय यांपैकी एखाद्या जागतिक यादीत पहिल्या ५०० मध्ये असण्याची अट आहे. विद्यापीठांच्या श्रेणीबद्ध स्वायत्ततेच्या २०१८ च्या विनियमांत नॅकचे ३.५१ गुण किंवा जागतिक यादीतले पहिले ५०० हा पहिल्या श्रेणीचा निकष आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत कोणत्या संस्थेच्या विद्यार्थ्याला बिनतारण कर्ज मिळेल हे मुख्यतः एनआयआरएफवरून ठरते: पहिल्या १०० मधल्या संस्था, १०१ ते २०० मधल्या राज्य सरकारच्या संस्था आणि केंद्र सरकारच्या सर्व संस्था. संस्था १०१ व्या स्थानी गेली आणि ती खासगी असेल, तर ठाण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी कर्जाचे गणितच बदलते.

तुमच्या दारातलेच उदाहरण म्हणजे नवी मुंबई विमानतळाजवळची नियोजित एज्युसिटी, म्हणजे परदेशी विद्यापीठांच्या शाखांचा परिसर. जून २०२५ मध्ये यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इस्तितुतो युरोपेओ दि डिझाइन या पाच संस्थांना इरादापत्रे दिली गेली. परदेशी संस्थांच्या शाखांसाठीचे यूजीसी विनियम २०२३ सालचे आहेत. त्यांत जागतिक क्रमवारीत, एकूण किंवा विषयवार, पहिल्या ५०० मध्ये असणे किंवा एखाद्या क्षेत्रात असाधारण प्राविण्य असणे अशी अट आहे. क्यूएस ही खासगी कंपनी आहे. ती आपल्या निकषांचे वजन उद्या बदलू शकते आणि त्यासाठी भारतात कोणाची परवानगी तिला लागत नाही. भारतातल्या कायदेशीर पात्रतेची एक किल्ली अशा कंपनीच्या सूत्रात ठेवणे मला गैर वाटते. अट ठेवायची असेल, तर ती कोणत्या वर्षीच्या, कोणत्या पद्धतीच्या यादीला लागू आहे हे नियमातच गोठवायला हवे.

पोलंडमध्ये ही गोष्ट कायद्यात बसवलेली आहे. २०१८ च्या उच्च शिक्षण व विज्ञान कायद्यानुसार तिथल्या संस्थांना विषयनिहाय ए-प्लस, ए, बी-प्लस, बी किंवा सी असा दर्जा मिळतो. बी-प्लसच्या खाली गेलात तर त्या विषयातला डॉक्टरेट देण्याचा अधिकार राहत नाही. परिणाम कडक आहे, पण दर्जा मंत्र्याच्या औपचारिक निर्णयाने ठरतो. त्या निर्णयाचा फेरविचार मागता येतो आणि पुढे प्रशासकीय न्यायालयातही जाता येते. आपल्याकडे क्रमांकाचे परिणाम वाढत गेले, अपिलाची कायदेशीर पायरी मात्र कोणी बांधली नाही. माझी मुख्य तक्रार तीच आहे.

आता तुमच्या आकड्यांकडे. संशोधन संस्थांची वेगळी वर्गवारी २०२१ पासून आहे. सर्वसाधारण चौकटीत अध्यापन व साधने ३०, संशोधन ३०, पदवीधरांची निष्पत्ती २०, समावेशकता १० आणि प्रतिमा १० असे शेकडा वजन असते. संशोधनाच्या वर्गवारीत मात्र निम्म्याहून जास्त गुण शोधनिबंधांच्या संख्येभोवती आणि दर्जाभोवती फिरतात. शोधनिबंध आणि उद्धृते (इतरांनी त्यांचे दिलेले संदर्भ) तुम्ही भरत नाही. ती स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधून थेट घेतली जातात. विद्यार्थी, प्राध्यापक, पूर्ण झालेल्या पीएचडी, खर्च, प्रायोजित प्रकल्प आणि सल्लागार शुल्क हे मात्र तुमच्या नोडल अधिकाऱ्याने, म्हणजे या कामासाठी संस्थेने नेमलेल्या माणसाने, पोर्टलवर भरलेले असते. चूक यातल्या कोणत्या बाजूची आहे हे आधी ठरवा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

डेटाबेसच्या बाजूची सर्वांत सामान्य चूक म्हणजे संस्थेचे नाव. एकाच केंद्राची नावे शोधनिबंधांवर चार तऱ्हांनी छापली जातात: कधी ट्रस्टचे नाव, कधी महाविद्यालयाचे, कधी नुसते ‘डिपार्टमेंट ऑफ केमिस्ट्री, नवी मुंबई’. मग मोजणी विखुरते. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राकडे पाहा. ते टाटा स्मारक केंद्राचा भाग आहे आणि ते केंद्र होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची घटक संस्था आहे. अशा तीन मजली रचनेत लेखकाने कोणता मजला लिहिला यावर श्रेय कुठे जमा होते हे ठरते. स्कोपसमध्ये संस्थेचे प्रोफाइल दुरुस्त करून घेण्याची सोय आहे. ग्रंथपालाला हे काम लेखी द्या आणि संस्थेच्या नावाचा एकच मंजूर नमुना परिपत्रकाने सर्व संशोधकांना कळवा. यादी लागल्यावर ही दुरुस्ती केली तर त्या वर्षी तिचा काही उपयोग नाही.

या बाजूला २०२५ पासून आणखी एक बाब आली: मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी गुणकपात. हेतू चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण तुमच्या यादीतला कोणता निबंध मागे घेतला गेला आणि तो लेखक अजून तुमच्याकडे आहे की नाही, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. दर तिमाहीला तपासत चला.

स्वतः भरलेल्या माहितीतल्या चुका ठराविक असतात. पीएचडीच्या रकान्यात पदवी मिळालेल्यांऐवजी नोंदणी झालेल्यांचा आकडा पडतो, किंवा वर्ष प्रबंध सादर केल्याचे धरायचे की पदवीच्या अधिसूचनेचे, याचा गोंधळ होतो. भांडवली खर्चात इमारतीचे बांधकाम घातले जाते, ते चालत नाही. अभ्यागत प्राध्यापक नियमित म्हणून मोजले जातात. प्रायोजित प्रकल्पाची मंजूर रक्कम लिहिली जाते, लिहायची असते त्या वर्षी प्रत्यक्ष मिळालेली.

तपासायचे असे. एनआयआरएफच्या संकेतस्थळावर क्रमांक मिळालेल्या संस्थांनी भरलेल्या माहितीची पीडीएफ असते आणि संस्थेनेही तीच माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर किमान ३ वर्षे ठेवणे अपेक्षित आहे. ती पीडीएफ, आयशेला (केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाला) दिलेले विवरण, लेखापरीक्षित ताळेबंद आणि विद्यापीठाच्या पीएचडी अधिसूचना, अशी चार कागदपत्रे शेजारी ठेवा. एका तक्त्यात फरक मांडा आणि प्रत्येक फरकासमोर पुरावा लिहा. संस्थेच्या प्रमुखाच्या सहीने तो तक्ता एनबीएतल्या एनआयआरएफ विभागाला पाठवा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ अशा दोन पानी पत्राकडे कोणी पाहत नाही. ‘रकाना अमुक, भरलेला आकडा १४, अधिसूचनांप्रमाणे २३’ या एका ओळीला उत्तर द्यावे लागते. मात्र चूक तुमच्याच नोडल अधिकाऱ्याची असेल, तर जाहीर झालेला क्रमांक बदलेल अशी आशा धरू नका. पुढच्या फेरीपूर्वी नोंद दुरुस्त होणे हेच मिळवायचे असते.

दुसऱ्या संस्थेने फुगवलेले आकडे पाहायचे असतील तर माहिती अधिकार वापरा. खासगी ट्रस्टवर तो कायदा सहसा थेट लागू होत नाही, पण ट्रस्टने दिलेली जी माहिती एनबीएकडे आहे ती मागता येते. केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर १० रुपये शुल्क भरून अर्ज होतो. उत्तराची मुदत ३० दिवस. त्रयस्थाची माहिती असल्यामुळे कलम ११ खाली त्या संस्थेला ५ दिवसांत नोटीस जाते, तिला म्हणणे मांडायला १० दिवस मिळतात आणि निर्णयाची मुदत ४० दिवसांवर जाते. पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे केंद्रीय माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. प्राध्यापकांची नावानिशी यादी मागू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे वैयक्तिक माहितीबद्दलचे कलम ८(१)(जे) बदलले आहे आणि अशी मागणी फेटाळली जाण्याचा धोका मोठा आहे. एकूण संख्या, वर्षवार बेरीज आणि पडताळणी कोणत्या तारखेला, कोणत्या पद्धतीने झाली, एवढेच मागा.

उच्च न्यायालयाबद्दल. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका दाखल करता येते, कारण मंत्रालय आणि एनबीए त्याच्या कक्षेत येतात. ठाणे जिल्ह्यासाठी मुंबईचे मुख्य पीठ. पण न्यायालय तुमचे गुण पुन्हा मोजणार नाही. प्रक्रिया मनमानी होती का, जाहीर केलेली पद्धत मोडली का, लेखी निवेदनाकडे दुर्लक्ष झाले का, एवढेच ते पाहते. म्हणून वरचा तक्ता आणि त्याची पोच हाताशी नसताना वकिलाकडे जाण्यात अर्थ नाही. मार्च २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाने एनआयआरएफची यादी जाहीर करण्यास अंतरिम स्थगिती दिली होती. संस्थांनी स्वतः दिलेली माहिती पडताळणीशिवाय वापरली जाते, असा याचिकेचा मुद्दा होता. ती स्थगिती टिकली नाही आणि ४ सप्टेंबर २०२५ रोजी यादी आलीच. तुमच्या वकिलाला मी असे सुचवेन की क्रमांकाला आव्हान देण्यापेक्षा त्या क्रमांकावर आधारलेल्या ठोस निर्णयाला आव्हान द्या, म्हणजे नाकारलेले अनुदान किंवा नाकारलेली मान्यता. तिथे हक्क बाधित झाल्याचे दाखवता येते.

आता ते होर्डिंग. ‘अव्वल’ म्हणजे कोणाच्या यादीत, कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गवारीत? जाहिरात मानक परिषद या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या शैक्षणिक जाहिरातींच्या नियमांत रँकचा दावा करताना ती देणाऱ्या प्रकाशनाचे पूर्ण नाव आणि तारीख देणे आवश्यक आहे. कायद्याची ताकद ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण कलम २१ खाली १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते आणि जाहिरात थांबवायला लावू शकते. वैयक्तिक भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जाण्याचा रस्ता मात्र अवघड आहे, कारण शिक्षण ही ‘सेवा’ आहे का हा वाद अजून मिटलेला नाही.

याच ग्राहक कायद्याच्या कलम १७ नुसार तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, लेखी किंवा ईमेलने. इथे लोक हमखास चुकतात: ऐरोलीपासून सीबीडी बेलापूरपर्यंतचे होर्डिंग ठाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हद्दीत येते, तर खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही पनवेल तालुक्यात म्हणून रायगड जिल्ह्यात, म्हणजे कार्यालय अलिबागला. होर्डिंगचा तारीख दिसणारा फोटो, आसपासची खूण, संस्थेच्या संकेतस्थळावरच्या त्याच दाव्याचा स्क्रीनशॉट आणि मूळ यादीतले त्या संस्थेचे पान, एवढे जोडा. तक्रारीत संस्था वाईट आहे असे कुठेही लिहू नका. दावा काय आहे आणि यादीत काय आहे, या दोन ओळी एकाखाली एक ठेवा.