वर्षभराचं बिऱ्हाड

नेरूळ

प्रिय मुली,

करारावर सह्या झाल्या, हॉटेल जपानच्या ओकिनावा बेटावर, ओन्ना गावात किनाऱ्यावर आहे आणि सामानाच्या यादीत तू फक्त कपडे आणि औषधं लिहिली आहेस, असं तुझ्या आईने काल सांगितलं. बाकी कशाचंही नाव काढलं की म्हणे तुझं उत्तर तयार असतं, "वर्षाचाच तर प्रश्न आहे, कशाला?" त्या 'कशाला'पायी हे पत्र. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे भाडेकरू भिंतीला एक खिळा ठोकत नाहीत, तशी तू तिकडे राहशील ही माझी धास्ती आहे. मी तिथे रिझर्व्हेशन डेस्कवर होते, तेव्हा बरोबरच्या दोघी-तिघी अशाच राहिल्या. छत्री नको, भांडं नको, शेजारणीचं नावसुद्धा नको. वर्ष त्यांचंही गेलं, पण सगळं खोलीत बसून.

कागदपत्रांचं आधी सांगते, म्हणजे ते एकदाचं संपेल. टोकियो किंवा ओसाकामार्गे गेलीस तर रेसिडन्स कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, विमानतळावरच हातात देतात. तैपेई किंवा हाँगकाँगमार्गे थेट नाहाला, म्हणजे ओकिनावाच्या मुख्य शहरात, उतरलीस तर तिथे मिळत नाही, पत्ता नोंदवल्यावर पोस्टाने येतं. राहायची जागा ठरली की १४ दिवसांत गावच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, आणि कार्ड कायम जवळ बाळगायचं, अगदी समुद्रावर जातानाही. पोलिसांचा नंबर ११०, अँब्युलन्स आणि अग्निशमनाचा ११९.

निघण्याआधी वाशीच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घे. ते जपानमध्ये वर्षभर चालतं. तू म्हणशील, बस-ट्रेन असेलच की. ट्रेन नाही. नाहात विमानतळापासून उरासोएपर्यंत एक मोनोरेल आहे, युई रेल, २००३ साली सुरू झालेली, आणि रुळांवरचं जे काही आहे ते तेवढंच. ओन्ना तिच्या शेवटच्या स्टेशनापासूनही बरंच उत्तरेला. तिथे बस, तीही कमी. चढताना नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना त्या नंबरासमोर दिसतील तेवढे पैसे टाकायचे. गाडी डावीकडूनच चालवतात, त्यामुळे तुला वेगळं शिकायला नको. गंमत म्हणजे अमेरिकेच्या अमलात तिथे उजवीकडून चालवत. १९७२ साली बेट जपानकडे परत आलं आणि ३० जुलै १९७८ला सगळी वाहतूक एका रात्रीत डावीकडे आली. पाऊस पडत असला की ब्रेक मात्र बेताने लाव, रस्ते फार निसरडे होतात.

आता दमट हवा. तुला वाटेल, नवी मुंबईच्या पोरीला दमटपणाचं काय सांगतेस! पण आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात, पंखा फिरत असतो. तिथल्या स्टाफच्या खोल्या म्हणजे वादळासाठी बांधलेले काँक्रीटचे डबे. मे-जूनमध्ये पावसाळा, मग वादळांचा मोसम. माझ्या खोलीतल्या मुलीने हौसेने कोल्हापुरी चप्पल नेली होती. ती कपाटात ठेवली आणि दिवाळीला काढली, तर दोन्ही पट्ट्यांवर हिरवट बुरशी, आतल्या तळावर बोटांच्या ठशांच्या आकाराची पांढरी. म्हणून एसी 'ड्राय'वर चालवत जा, कपाटाचं दार रोज थोडा वेळ उघडं टाक, आणि पहिल्याच पगारात हवा कोरडी करणारं मशीन घे. जुन्या वस्तूंच्या दुकानात स्वस्त मिळतं. जाताना त्याच दुकानाला परत विकता येतं, म्हणजे तुझ्या 'कशाला'ला उत्तरही मिळालं.

वादळ हा तिथल्या कामाचाच भाग आहे. दरवर्षीची वादळं नंबराने ओळखतात, आणि काही इतकी रेंगाळतात की दीड-दोन दिवस वारा थांबत नाही. इशारा आला की पहिल्यांदा दुकानातला ब्रेड संपतो. तू आदल्या दिवशीच फोन चार्ज कर, टब पाण्याने भरून ठेव, बाल्कनीतली कुंडी, चपला, कपड्यांचे चिमटेसुद्धा आत घे. सरकत्या काचेच्या खालच्या खाचेतून पाणी आत येतं, तिथे जुने टॉवेल पिळे देऊन घट्ट कोंबायचे आणि दर थोड्या वेळाने बदलायचे. मोनोरेल आणि बस बंद, विमानं रद्द. वारा थांबल्यावर काचेवरून बोट फिरव, मीठ लागेल. दुसऱ्या दिवशी सगळं गाव नळी घेऊन गाड्या धूत असतं.

हॉटेलात मात्र त्या दिवशी खरी परीक्षा. पाहुणे अडकलेले, मुलं रडतायत, प्रत्येकाला विमान कधी ते हवं असतं. तुला ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हण आणि विमान कंपनीचा नंबर कागदावर लिहून दे. "लवकरच सुटेल हं" अशी खोटी समजूत घालू नकोस, अर्ध्या तासाने तोच माणूस परत तुझ्याचसमोर उभा राहतो. वादळाच्या ड्यूटीला रात्री हॉटेलातच झोपावं लागू शकतं. त्याचे तास कसे धरतात हे आधीच विचारून ठेव. विचारायला लाजायचं नाही.

गच्च्यांवर टाक्या दिसतील आणि क्षणभर नेरूळमध्येच असल्यासारखं वाटेल. ती हौस नाही. १९८१-८२ साली तिथे सलग ३२६ दिवस पाणीकपात होती. पुढे उत्तरेच्या डोंगरांत धरणं झाली, तरी टाक्या राहिल्या. आपण मोरबे धरणाच्या जिवावर नळ सोडून ठेवतो, ती सवय इथेच ठेवून जा.

जेवणाची तुझ्या आईला फार काळजी. तिला सांग, जपानात पोरीला घरच्यासारखं काही मिळेल असा एकच प्रांत आहे, आणि ती तिथेच चालली आहे. कारली ढिगाने, आपल्यापेक्षा लांब, जाड आणि कमी कडू. उभं चिरून चमच्याने आतला पांढरा भाग खरवडायचा, पातळ चकत्या करून मीठ चोळायचं, मग घट्ट टोफू आणि अंड्याबरोबर परतायचं. हेच 'गोया चांपुरू'. घोसाळी तर जपानात इतरत्र बहुधा अंग घासायला वापरतात, इथे मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, घालून शिजवतात. कच्च्या पपईची भाजी आहे, हळदीचा चहा आहे, उसाची शेतं आहेत आणि त्या उसाचा काळा गूळही. मला पहिल्या आठवड्यात गुळाचा खडा मिळाला आणि माझी निम्मी नाराजी तिथेच विरघळली. अडचण डुकराच्या मांसाची. डुकराचं ओरडणं सोडून सगळं खातात, असं तेच हसत सांगतात. 'बुतानिकु नुकी दे', म्हणजे डुकराचं मांस वगळून, म्हटलंस की वरचे तुकडे काढतात, पण नूडल्सचा रस्सा डुकराच्या हाडांचाच असतो आणि चांपुरूवर सुक्या माशाचा कीस भुरभुरवतात. तू मासे खातेस म्हणून निभेल. तिथली कच्ची रताळी मात्र कुणाला टोकियोला न्यायच्या फंदात पडू नकोस. किडीमुळे बेटाबाहेर न्यायला बंदी आहे.

समुद्रात जाळी लावलेल्या भागातच उतर. उन्हाळ्यात हाबू नावाचे जेलीफिश असतात, डंख झाला तर व्हिनेगर ओततात. त्याच नावाचा विषारी सापही आहे, म्हणून रात्री टॉर्चशिवाय उसाच्या कडेने चालायचं नाही आणि दगडी गडग्यांच्या फटीत हात घालायचा नाही.

माणसांबद्दल बोलायचं तर मला ती जपानच्या इतर भागांपेक्षा मोकळी वाटली. त्यांचा बोन, म्हणजे पितरांचा सण, चांद्र पंचांगाने येतो, बहुतेक वर्षी आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपास. गल्लीगल्लीतून ढोल घेऊन एइसा नावाचा नाच नाचतात. एप्रिलमध्ये घरचे सगळे थडग्यांपुढच्या अंगणात चटया टाकून डबे उघडतात. कुणी बोलावलं तर जा, आढेवेढे घेऊ नकोस. रिकाम्या हाताने मात्र जायचं नाही, हे तुला सांगायला नको.

२३ जून ही तारीख लिहून ठेव. १९४५च्या लढाईतल्या मृतांचा दिवस. दुपारी १२ वाजता सगळे स्तब्ध उभे राहतात. सुट्टी मिळाली तर दक्षिणेला माबुनीला जाऊन ये. तिथल्या दगडी भिंतींवर २ लाख ४० हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत, सैनिक आणि गावकरी, जपानी आणि अमेरिकी, सगळी. ती पाहिलीस की अमेरिकी तळांचा विषय निघाल्यावर लोकांचे आवाज का बदलतात ते कळेल. त्या विषयावर तू ऐकून घे, काउंटरवर मत देऊ नकोस.

घरी फोन रोज नको. तिकडची घड्याळं साडेतीन तास पुढे, म्हणजे तुझी रात्री ११ची ड्यूटी सुटेल तेव्हा इथे साडेसात वाजलेले असतील, आई मोकळी असेल आणि बोलणं तासभर चालेल. सकाळी मग तू डोळे चोळत उठशील. आठवड्यातून दोन वार ठरवून घ्या. आईला मी समजावते.

पैशांचं एवढंच. पगारातून तिथलं पेन्शन कापलं जाईल. पेन्शनबद्दलचा भारत-जपान करार २०१६पासून लागू आहे, पण त्यातली सूट इथल्या कंपनीने तिकडे पाठवलेल्यांना. तू तिथल्याच हॉटेलची नोकर. किमान सहा महिने भरलं असेल तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी परतावा मिळतो, २०.४२ टक्के कर कापून. पगाराच्या चिठ्ठ्या आणि पेन्शन नंबर सांभाळून ठेव. आणि १ जानेवारीला तुझा पत्ता तिथे असेल तर आधीच्या वर्षाच्या कमाईवर स्थानिक रहिवासी कर लागतो, परत आलीस तरी. एप्रिलला जाऊन पुढच्या एप्रिलला परतणाऱ्या मुली नेमक्या इथे अडकतात. निघण्याआधी हॉटेलच्या ऑफिसात तो हिशेब मिटव. इथल्या बँकेलाही कळवून खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं, करून घे.

मसाले बंद पाकिटातलेच ने. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता बॅगेत नको, ताज्या मालाला वनस्पती-तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. मिक्सर नेऊ नकोस, तिथे वीज १०० व्होल्टची. आणि कुकर घेण्याआधी खोलीत शेगडी कुठली आहे ते हॉटेलला मेल करून विचार. इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचाच घे, तीन लिटरचा पुरे. गॅस्केट एक जास्तीची घे.

तुझी,
मावशी