रविवारी किल्ली देऊ नकोस

चि. भाच्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. घर बघायला आलेला माणूस सभ्य आहे, बोलायला छान आहे, सहा महिन्यांचं भाडं एकदम रोख द्यायला तयार आहे आणि त्याला रविवारीच किल्ली हवी आहे. तू खूश आहेस. मला मात्र ते वाचून झोप लागली नाही.

माझा पहिला भाडेकरूही असाच गोड होता. आल्या आल्या त्याने खिडकीतल्या कुंडीकडे बघून सांगितलं, हिच्यावर मावा पडलाय, आणि तो कशाने जाईल तेही सांगितलं. मी विरघळले. एकही कागद न बघता किल्ली दिली. पाचव्या महिन्यापासून भाडं थांबलं आणि घर मोकळं करून घ्यायला पुढे चौदा महिने गेले. जाताना नळाच्या तोट्यासुद्धा काढून नेल्या त्याने. कुंडी तेवढी ठेवली.

म्हणून सांगते, माणूस कसा बोलतो यापेक्षा तो मागे कसा वागला ते बघ. आणि ते सांगणारा माणूस म्हणजे त्याचा आधीचा घरमालक. आत्ताचा नव्हे, त्याच्याही आधीचा. आत्ताच्या मालकाला ही ब्याद टळायला हवी असेल तर तो तोंड भरून कौतुक करेल. ज्याच्या घरातून हा माणूस केव्हाच गेलाय, त्याला खोटं बोलून काही मिळायचं नसतं.

फोन करताना लगेच चौकशीला लागू नकोस. पुष्कळदा दिलेला नंबर एखाद्या मित्राचा असतो. आधी साधं विचार, ‘तुमचं घर भाड्याने द्यायचं आहे असं कळलं, रिकामं आहे का?’ खरा मालक हो किंवा नाही म्हणून मोकळा होतो. मित्र असेल तर ‘कोणतं घर?’ म्हणून गडबडतो. मग स्वतःची ओळख दे आणि आकडे विचार: भाडं किती होतं, कधी आले, कधी गेले, डिपॉझिटमधून किती कापलं आणि कशाचं. अर्जात लिहिलेलं समोर ठेवून ताडून बघ. शेवटी एकच प्रश्न, ‘यांना परत घर द्याल का?’ उत्तरापेक्षा उत्तराआधी तो किती वेळ थांबतो तिकडे कान दे.

आता पैसे. भाडं हे उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत बसावं, हा जुना अंदाज अजूनही उपयोगी पडतो. पण आधीच कर्जाचे हप्ते चालू असतील तर एक तृतीयांशही जड जातो, म्हणून नुसत्या सॅलरी स्लिपवर जाऊ नकोस. स्लिप घरच्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत तयार होते. तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट माग आणि स्लिपवरची रक्कम तिथे जमा झालेली दिसते का बघ. मग भाडं गेल्याच्या तारखा बघ. ३, ३, ४ अशा असतील तर निश्चिंत हो. ३, १७, २८ अशा सरकत गेल्या असतील तर त्याचं कारण विचार. कारण खरंही असू शकतं, एखाद्याचा पगारच उशिरा होतो. स्वतःचा धंदा असणाऱ्याचं उत्पन्न दरमहा सारखं नसतंच, त्याचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि कर भरल्याचे कागद बघ. नोकरीची खात्री करायची तर ऑफिसचा नंबर स्वतः शोधून काढ, त्याने दिलेल्या नंबरवर फोन करू नकोस. ओळखपत्र मूळ बघ, फोटोकॉपीवर समाधान मानू नकोस.

एक गोष्ट मी उशिरा शिकले. निकष आधी कागदावर लिही आणि येईल त्या प्रत्येकाला तेच लाव. पहिल्याला तीन कागद मागायचे, दुसरा आवडला म्हणून त्याला काहीच मागायचं नाही, असं करशील तर फसशीलही आणि अन्यायही करशील. आडनाव, धर्म, लग्न झालंय की नाही, यावरून माणूस पारखणारे घरमालक मी ढिगाने पाहिलेत. पुष्कळ देशांत कायदाच त्याला आडवा येतो. कायदा बाजूला ठेवला तरी आडनावावरून भाडं वेळेवर येईल की नाही हे कळत नाही. माझा तो मावावाला तर माझ्याच आडनावाचा होता!

क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे माणसाने आजवर कर्जं कशी फेडली त्याचा अहवाल, बघणार असशील तर आधी त्याची लेखी संमती घे. ज्यांना नाही म्हणशील त्यांचे कागद फोनमध्ये पडून राहू देऊ नकोस, पुसून टाक. आणि समोरच्याने तुझ्या मालकीचा कागद मागितला तर रागावू नकोस. असा भाडेकरू मला तरी आवडतो.

राहिला तुझा हा रोख रक्कमवाला. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ देणारा प्रत्येक जण लबाड नसतो. कोणी नव्या गावी आलेला असतो, कोणाची नोकरी नुकती लागलेली असते, दाखवायला जुने कागदच नसतात. पण घाई आणि रोख दोन्ही एकत्र आले की बहुधा तो माणूस पैशाच्या बदल्यात तुझी चौकशी विकत घेत असतो. सहा महिने सरल्यावर सातवा येतोच, आणि तो तुझ्या पदरात पडतो. त्याला सांग, पैसे बँकेतूनच घेईन, करार सहीशिक्क्यानिशी झाल्यावरच घेईन, आणि त्याआधी दोन घरमालकांचे नंबर हवेत. खरा असेल तर थोडा कुरकुरेल आणि देईल.

नंबर मिळाले की मला कळव. पहिला फोन मीच लावते, तू शेजारी बसून ऐक.

तुझी,
आत्या