पूर्वीचे भाविक चमत्कार अक्षरशः खरे मानायचे का?

तुमचा प्रश्न असा की, जुन्या काळच्या भाविकांना चमत्कार खरंच घडले असं वाटायचं, की ते रूपक म्हणून घ्यायचे? मी तुकोबांच्या वह्यांवरून सांगतो, कारण तिथे त्या काळातल्या माणसांचे शब्दच हाताशी आहेत.

घडले असंच वाटायचं. रूपक ही आपली सोय. ‘गाथा लोकांच्या तोंडी होती, म्हणून तरली’ हे आजचं स्पष्टीकरण मलाही पटतं, पण तेव्हा कुणाचं त्यावाचून अडलं नव्हतं.

वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तुकोबा १३ दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर पडून राहिले, आणि वह्या कोरड्या वर आल्या. ही गोष्ट संतचरित्रं लिहिणाऱ्या महिपतींनी रंगवली असं बरेचजण म्हणतात. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा, म्हणजे तुकोबांनंतर शंभरावर वर्षांनी लिहिलेला. पण ‘उदकीं राखिलें कागद । चुकविला जनवाद’ हे खुद्द गाथेत आहे! शिवाय ज्यांच्यामुळे वह्या बुडवाव्या लागल्या असं परंपरा सांगते, ते वाघोलीचे रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले. ‘आरती तुकारामा’ त्यांच्याच नावावर आहे. आरती आपण टाळ्यांच्या नादात म्हणून टाकतो, पण कडवं नीट ऐका: राघवाने सागरात पाषाण तारले, तसे हे अभंग उदकात राखले. वह्या कुणी काढल्या, किती भिजल्या होत्या, याची चौकशी नाही. भट्टांना थेट सेतू आठवतो. रामायणात दगड तरले होते, मग देहूत कागद तरायला काय हरकत? जुनी गोष्ट माहीत होती, म्हणून नवी लगेच पटली.

मला खरी गंमत वाटते ती तुकोबांची. ज्या अभंगात कागद राखल्याचं येतं, त्याची सुरुवात आहे ‘थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला’. लोकांच्या बोलण्यापायी मी तुला त्रास दिला, असं ते देवाला म्हणतात. चमत्कार झाला याबद्दल शंका नाही, पण मिरवणंही नाही. देवाला वेठीला धरल्याची लाज आहे. आणि हाच माणूस दुसरीकडे सांगतो, ‘दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी’. म्हणजे चमत्कार दाखवून लोक गोळा करणारे तेव्हाही गावोगाव असणार, आणि त्यांच्यात आपल्याला कुणी मोजू नये अशी तुकोबांची इच्छा होती. विश्वास होता म्हणून सगळेच भोळे होते असं धरून चालू नका.

वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना ज्ञानेश्वर भिंत चालवत सामोरे गेले, त्या गोष्टीचं थोडं वेगळं आहे. ज्ञानेश्वरांनी चांगदेवांना लिहिलेल्या ‘चांगदेव पासष्टी’च्या ६५ ओव्यांत ना वाघ आहे, ना भिंत, आहे ते निखळ अद्वैत. वाघावर बसून आलेला आणि भिंतीवर बसून सामोरा गेलेला, ही जोडी सूफी पीरांच्या कथांतही भेटते. गोष्ट फिरत होती, ज्याला त्याला आपल्या संताची वाटली.

शाळेत असताना आळंदीला त्या भिंतीपाशी मी आजीला विचारलं होतं, “ही खरंच चालली का गं?” तिने भिंतीला हात लावून तो कपाळाला लावला. म्हणाली, “चालली की. आता पुढं हो, मागं बाया खोळंबल्यात.”