तिबेटवर लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझा लेख वाचला. कळकळ आहे, पण निम्मा लेख चीनवर ताशेरे ओढण्यात गेलाय आणि तिबेटी माणूस त्यात औषधालाही सापडत नाही.

सुरुवात १९५९ च्या उठावापासून करू नकोस. १९१३ मध्ये तेराव्या दलाई लामांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. पुढची जवळपास चार दशकं तिबेटचं स्वतःचं चलन, टपाल तिकिटं, सैन्य, सगळं होतं. नव्हती ती बड्या देशांची औपचारिक मान्यता. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौजा पूर्व तिबेटमधल्या चामडोत घुसल्या तेव्हा ही उणीव महागात पडली. पुढच्या मे महिन्यात बीजिंगमध्ये तिबेटला चीनचा भाग मानणाऱ्या सतरा कलमी करारावर सह्या झाल्या. त्या दबावाखाली घेतल्या, असं तिबेटी आजही सांगतात.

आता आपली बाजू. चीनशी झालेल्या १९५४ च्या पंचशील करारात भारताने ‘चीनचा तिबेट प्रदेश’ हे शब्द मान्य केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी राज्यसभेत या धोरणावर कडक टीका केली. ते भाषण मुळातून वाच. तुझ्या लेखात पंचशीलाचा उल्लेखच नाही, हे मला खटकलं.

१० मार्च १९५९ चा प्रसंग मात्र सावकाश लिही. चिनी लष्कराने चौदाव्या, म्हणजे आजच्या दलाई लामांना छावणीत कार्यक्रमाला बोलावलं होतं. त्यांना पळवून नेतील या धास्तीने हजारो ल्हासावासी त्यांच्या नॉरबुलिंका राजवाड्याला वेढा घालून उभे राहिले. कुणा पुढाऱ्याच्या हुकमाची वाट न बघता!

आणि ‘तिबेटींना स्वातंत्र्य हवंय’ हे वाक्य सरसकट ठोकू नकोस. दलाई लामांनी १९८८ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला पूर्ण स्वातंत्र्याची मागणी बाजूला ठेवून खऱ्या स्वायत्ततेचा प्रस्ताव मांडला. तिबेटी युवक काँग्रेस ही निर्वासित तरुणांची संघटना आजही ‘रांगझेन’, म्हणजे पूर्ण स्वातंत्र्यच मागते. श्रद्धा एकाच गुरूवर, पण मार्गावर मतभेद. हा ताण लपवलास तर लेख प्रचारपत्रक होईल.

तिबेटी माणसं भेटायला हिमाचलातलं धरमशाला गाठायलाच हवं असं नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथल्या कुणी हिरवं पुस्तक दाखवलं तर नीट बघ: निर्वासित सरकारला स्वखुशीने दिलेल्या वर्गणीची त्यात वर्षवार नोंद असते. लगेच फोटो काढायला धावू नकोस, आधी चहा घे. थंडीत तर जाऊच नकोस. तेव्हा बरीच माणसं स्वेटर विकायला बाहेरगावी असतात. लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, झाला की जा.

तुझा,
काका