आजीच्या प्रमाणानेच कॅरॅमल कस्टर्ड करूनही जाळी का पडते?

तुम्ही विचारलंय की आजीच्या वहीतलं प्रमाण तंतोतंत घेऊन, कुकरला तीन शिट्ट्या काढूनही कस्टर्डला जाळी पडते, ताटलीत पाणी सुटतं, अंड्याचा वास येतो. मग तिची चव परत कशी आणायची? यावर लोक "आजीच्या हाताची चवच वेगळी" असं म्हणून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. हाताला श्रेय दिलं की आजी नेमकं काय करत होती, हे शोधायचं राहून जातं. वहीत प्रमाण असतं. गॅस किती बारीक ठेवायचा हे कुणी लिहून ठेवत नाही.

नुसता बलक 65 ते 70 अंश सेल्सिअसला घट्ट होतो. त्यात दूध आणि साखर मिसळली की प्रथिनं विरळ होतात आणि मिश्रण 80 अंशांच्या आसपास धरतं. 85 च्या पुढे गेलं की तेच प्रथिनांचं जाळं आवळतं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम पाच अंश आहेत. शिट्टी लावलेल्या कुकरमध्ये तापमान 120 अंशांपर्यंत चढतं, आणि दाब उतरताना कस्टर्डमधलं पाणी आतल्या आत उकळून भोकं पाडतं. वासाचंही कारण हेच. पांढरा भाग जास्त शिजला की त्यातून गंधकाचा वायू सुटतो. व्हॅनिला दुप्पट घालून तो झाकत नाही.

आमच्या घरी यावर जुना वाद आहे. ताईचं म्हणणं, पाणी सुटलं तर पुढच्या वेळी एक अंडं वाढवायचं. म्हणून एकाच पातेल्यातलं मिश्रण 150 मिलीच्या चार वाट्यांत भरलं. दोन वाट्या मोठ्या आचेवर, घट्ट झाकणाखाली, 20 मिनिटं. दोन वाट्या बारीक आचेवर: तळाशी घडी केलेलं फडकं, वाटीच्या निम्म्यापर्यंत गरम पाणी, झाकण बोटभर तिरकं, वेळ तीच. पहिल्या दोन कडेपासून आत स्पंजासारख्या झाल्या आणि उलट्या केल्यावर प्रत्येकीतून चमचाभर पाणी निघालं. दुसऱ्या दोन सुरीने कापल्यावर आरशासारख्या गुळगुळीत. ताई म्हणाली, दूध पातळ असेल. दूध चारही वाट्यांत एकच होतं, अंडीही तीच होती. अंडं वाढवल्याने कस्टर्ड फक्त राठ होतं, आणि ते लवकर धरत असल्यामुळे जास्त शिजायची भीतीही वाढते.

माझं प्रमाण: सायीचं दूध 500 मिली, अख्खी अंडी 3, वर 2 बलक, साखर 75 ग्रॅम, चिमूटभर मीठ. दूध साखर विरघळेल इतपतच तापवा आणि बारीक धारेने अंड्यात ओता. फेटायचं नाही, फेस न येऊ देता नुसतं ढवळायचं. बारीक गाळणीने गाळा, पंधरा मिनिटं ठेवा, वरचा फेस चमच्याने काढा. फेसाचे बुडबुडे फक्त वरच्या थरात दिसतात. कडेने आणि आतवर भोकं असतील तर दोष आचेचाच. यावरून तुमचं काय चुकतंय ते लगेच कळेल.

वाफेवर करताना झाकणाला फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून वर खड्डे पडतात. खालचं पाणी खदखदायला नको, नुसतं थरथरायला हवं. ओव्हन असेल तर 150 अंश, गरम पाण्याच्या ट्रेमध्ये, आणि ट्रे झाकायचा नाही. उघड्या ट्रेमधलं पाणी वाफ होत राहतं म्हणून उकळीच्या बरंच खाली राहतं. झाकलं की ते उकळीपर्यंत जातं आणि ट्रेचा उपयोगच संपतो. वाट्यांना साधारण 35 मिनिटं, अर्ध्या लिटरच्या एका भांड्याला 50. कड धरलेली आणि मधला भाग जेलीसारखा हलत असतानाच बाहेर काढा. सुरी मध्यभागी खुपसून ती कोरडी निघेपर्यंत थांबणाऱ्यांचं कस्टर्ड हमखास जास्त शिजतं, कारण बाहेर काढल्यावरही ते आतल्या उष्णतेने शिजत राहतं. सुरी कडेपासून बोटभर आत घालून बघा.

कस्टर्ड पावडर घालण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. ती वाईट नाही, पण तो पदार्थच वेगळा. आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 साली बर्मिंगहॅममध्ये ती बनवली तीच मुळी पत्नीला अंडी सोसत नव्हती म्हणून. ते कॉर्नफ्लोअर आहे, त्यात अंडं नाही.

आता चवीचं. माझ्या मते तुम्हाला आठवतेय ती चव कस्टर्डची नसून कॅरॅमलची आहे. 100 ग्रॅम साखर, 2 चमचे पाणी. चमचा न घालता भांडंच फिरवायचं, नाहीतर साखरेचे पुन्हा खडे होतात. बहुतेक जण सोनेरी रंगावर घाबरून थांबतात, आणि तिथे नुसता गोडवा असतो. तांब्याच्या भांड्याइतका गडद रंग आला आणि पहिला धूर दिसला की लगेच साच्यात ओता. ती किंचित कडू किनार नसेल तर कस्टर्ड मिळमिळीत लागतं. मग रात्रभर फ्रिजमध्ये. कस्टर्डमधल्या ओलाव्याने ते कडक कॅरॅमल सुटून त्याचा पाक होतो. दोन तासांत उलटं केलं तर निम्मं तळाशीच चिकटून राहतं.

एक राहिलं: माझं अंडं म्हणजे कवचाशिवाय 50 ग्रॅम. अंडी लहान असतील तर एक बलक वाढवा. हो, बलक, ताईसारखं अख्खं अंडं नाही. आणि आजी कॅरॅमल किती काळं करायची हे घरात कुणाला आठवत असेल तर आधी विचारून घ्या. तो रंग मला इथून सांगता येणार नाही.