टबातलं अद्रक श्रावणात का सडलं?

लातूरहून एका ताईंचा प्रश्न आहे: "मे महिन्यात गच्चीवर मोठ्या टबात अद्रक लावलं. माती शेतातली काळी, वर शेणखत. आषाढापर्यंत हातभर वाढलं. श्रावणाची झड लागली आणि एकेक फुटवा पिवळा पडत गेला. उकरून पाहिलं तर कंद लिबलिबीत. कोणतं औषध मारू?"

ताई, औषध आणण्याआधी टब कलता करून त्याचं बूड बघा. भोकं नसतील, नाहीतर एखादंच असेल आणि तेही चिखलानं बुजलेलं. पिवळा फुटवा हलका ओढला की बुडापासून सहज निघतो आणि कुजका वास येतो, ती कंदकूज. तिची बुरशी साचलेल्या पाण्यात फोफावते. बुडाला भोकं नसतील तर वरून कितीही औषध ओतलं तरी ते त्याच चिखलात साचणार.

काळ्या मातीवर आपला फार जीव. कापसाला, तुरीला ती सोनंच आहे, पण टबात ती ओली झाली की चिकट गोळा आणि वाळली की वीट. खुलताबाद, फुलंब्री, कन्नडकडचे शेतकरी अद्रक गादीवाफ्यावर घेतात ते पाण्याचा निचरा व्हावा म्हणूनच.

सडलेलं ठोंब आजूबाजूच्या मातीसकट काढून लांब टाका. उरलेल्या झाडांचं पाणी तोडा, टबाला ७-८ भोकं पाडून तो विटांवर ठेवा. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात कालवून बुडाशी ओता, हातमोजे घालून. मात्र ते ओतल्यावर लगेच ट्रायकोडर्मा ही रोगाला आळा घालणारी मित्रबुरशी टाकू नका, तीही मरेल. ही माती पुढं अद्रक किंवा हळदीला वापरू नका.

पुढच्या खेपेला खोल टबापेक्षा पसरट भांडं घ्या. सिमेंटची रिकामी गोणी धुऊन, दुमडून घेतली तरी चालते. एक घमेलं माती, एक घमेलं जाडसर वाळू नाहीतर चाळलेला बारीक मुरूम आणि एक घमेलं मुरलेलं शेणखत. ताजं शेण अजिबात नको. भांडं दोन तृतीयांशच भरा. अडीच-तीन महिन्यांनी कंद उघडे पडू लागतात, तेव्हा वरून खतमाती घालायला जागा लागते. उघड्या कंदावर ऑगस्टपासून कंदमाशी बसते.

बेणं बाजारातलं चालेल, पण टपोऱ्या डोळ्यांचं घ्या, सुरकुतलेलं नको. दोन-तीन डोळ्यांचा ४०-५० ग्रॅमचा तुकडा, डोळे वर ठेवून, दोन बोटं खोल लावायचा.

परभणीचे एक दादा विचारतात की उन्हाळ्यात पानांची टोकं करपतात. दादा, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि गच्चीची फरशी खालून भाजते. सकाळचं ऊन मिळू द्या, दुपारी हिरव्या जाळीची सावली करा. बोअरचं पाणी खारट असेल तरी टोकं जळतात. घागरीच्या तोंडाला पांढरा थर धरत असेल तर पावसाचं पाणी साठवून तेच द्या.

पाने पिवळी पडून लोळली, साधारण आठ-नऊ महिन्यांनी, की पाणी बंद करून काढणी करा. चहापुरतं हवं असेल तर सहाव्या महिन्यापासून कडेची माती बोटानं सारून एक कांडी मोडून घ्या आणि माती परत लोटा. झाडाला कळतही नाही.